संविधानाधिष्ठित शासन : नांदूरघाट (जि. बीड)

ज्या व्यवस्थेत राज्यकर्ताही कायद्याने बांधलेला असतो, ती संविधानाधिष्ठित शासनपद्धती. सत्ता लोकांकडून येते, तिला मर्यादा असते आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, ही तिची मूलतत्त्वे.

केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे निजामाचे फर्मान म्हणजेच कायदा. मंत्रिमंडळाने लोकप्रतिनिधींना उत्तरे द्यावीत, अशी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. परंतु संविधान सभेत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नाही. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी हैदराबादसाठी संविधान स्वीकारले गेले, तेही निजामाच्या फर्मानाने. म्हणून मराठवाड्यापुरती लोकसंमतीची सुरुवात १९५२ च्या निवडणुकीपासून मोजणे अधिक न्याय्य ठरेल. प्रौढ मताधिकाराने येथल्या शेतकऱ्याने, मजुराने, बाईमाणसाने प्रथमच आपले सरकार निवडले.

निवडून आलेल्या संसदेलाही संविधानाची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले. बरोबर वीस वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. पंचायतीची पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि राखीव जागा (महाराष्ट्रात महिलांसाठी २०११ पासून निम्म्या) यांना तेव्हापासून कायद्याचे बळ आहे.

गावपातळीवर सत्तेची वाटणी धनादेशावर दिसते. पंचायतीचा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या सह्या लागतात. एकट्याची सही चालत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की ही अट उरत नाही. ही पळवाट घातक आहे, कारण मूठभरांनी केलेला ठरावही मग साऱ्या गावाचा ठरतो. सरपंचाला हटवण्याची तरतूद याहून भक्कम आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केला, तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला ठेवावा लागतो.