कोणत्या दारातून आलात?

दिंद्रुडला घरी असलो की मोबाइलवर सिनेमा बघता येतो, पण एल्सव्हियरच्या नियतकालिकातला शोधनिबंध उघडत नाही. सारांश दिसतो आणि खाली डॉलरमधली किंमत. नेटवर्क ठीक असतं. माझी संस्था कोणती, एवढाच तिथे प्रश्न असतो. विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या मित्राला तोच निबंध फुकट मिळतो.

या दाराची सुरुवात पुण्यात झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. मार्च १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयं जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’ सुरू केलं, ते आयुकाचा एक प्रकल्प म्हणून. आयुका हे जयंत नारळीकरांनी उभं केलेलं खगोलशास्त्राचं केंद्र. जी साधनं एकेका विद्यापीठाला झेपत नाहीत ती एका जागी आणून सगळ्यांनी वापरायची, हीच त्यामागची कल्पना. खगोलशास्त्राच्या ग्रंथपालांनी तर १९८१ मध्येच ‘फोर्सा’ नावाचा गट करून आपसांत देवाणघेवाण सुरू केली होती. इन्फ्लिबनेट १९९६ मध्ये स्वतंत्र झालं आणि गुजरातेत स्थिरावलं.

तेव्हा वाटून घ्यायची ती मुख्यतः यादी. कोणतं नियतकालिक कुठे आहे ते कळायचं, मग झेरॉक्स टपालाने मागवायची. त्यातच जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. वर्गण्या डॉलर-पौंडांत, अनुदान रुपयांत. ग्रंथपालाला दरवर्षी काय बंद करायचं ते ठरवावं लागे. अंक कागदावरून पडद्यावर आले तेव्हा एकत्र वाटाघाटी करणं शक्य झालं. युजीसी-इन्फोनेट विद्यापीठांसाठी, इंडेस्ट आयआयटींसारख्या तंत्रशिक्षण संस्थांसाठी. २०१५ मध्ये ‘ई-शोधसिंधू’त हे सगळं एकत्र आलं.

आमच्यासाठी महत्त्वाचं पाऊल मात्र २०१० चं, एन-लिस्टचं. त्यामुळे अनुदानित महाविद्यालयांना अल्प वर्गणीत हजारो नियतकालिकं मिळाली, आणि तीही प्राध्यापकाच्या स्वतःच्या पासवर्डवर. म्हणजे घरी बसूनसुद्धा. एल्सव्हियरसारखे बडे प्रकाशक त्यात नव्हते, हे खरं. तरीही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत लोकशाही योजना होती.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ला मंजुरी दिली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. बडे प्रकाशक आता आत आले. पण संस्था कोणत्या? केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या. बीड जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांनी काढलेली. आमचा पगार सरकार देतं, व्यवस्थापन मात्र संस्थेचं. ‘व्यवस्थापन’ या एका शब्दाने आम्ही उंबऱ्याबाहेर राहिलो. छत्रपती संभाजीनगरचं आमचं विद्यापीठ आत आहे, त्याला संलग्न असलेलं आमचं महाविद्यालय बाहेर.

खासगी संस्था पुढच्या टप्प्यात आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयं, असं योजनेत आहे. तोवर मी जुनाच मार्ग धरतो. पूर्वी लेखकाला पोस्टकार्ड टाकून निबंधाची प्रत मागवत. मी ईमेल करतो. बहुतेक जण पीडीएफ पाठवतात.