तंबू कोणता निवडावा? दख्खनच्या छावण्यांनी दिलेली उत्तरे

१/
पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत काढायची, असे एखादे कुटुंब प्रथमच ठरवते तेव्हा दुकानात चार प्रश्न उभे राहतात. ओझे किती होईल? उभारायला वेळ किती लागेल? ठोकायचा कोठे? आणि आत माणसे किती मावतील? हे प्रश्न नवे नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांत बादशहापासून शिलेदारापर्यंत प्रत्येकाला ते सोडवावे लागत, आणि चुकीच्या उत्तराची किंमत एका ओल्या रात्रीपुरती मर्यादित नसे.

२/
आधी शब्द पाहू. मराठीचे काम एकट्या ‘तंबू’ या शब्दावर कधीच भागले नाही. दोन उभ्या काठ्या, त्यांवर एक आडवी, आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत सोडलेले कापड म्हणजे पाल. त्याहून जरा ऐसपैस ती राहुटी. सरदाराचा प्रशस्त तो डेरा. मधला खांब नसलेला तो बिचोबा. भोवतीची कापडी भिंत म्हणजे कनात. कापड ताणून धरणारे दोर ते तणावे, आणि तणावा जिला बांधायचा ती मेख. कोण कोणत्या कापडाखाली झोपतो, यावरून छावणीत त्याची पायरी कळे.

३/
या सगळ्या सामानाचे एक स्वतंत्र खातेच असे. पुण्याच्या बुधवार पेठेतील फरासखाना आज पोलीस ठाण्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण फरासखाना म्हणजे मुळात तंबू, कनाती, गालिचे आणि बिछायती सांभाळणारा विभाग. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांची जी यादी दिली आहे, तीत खजिना, तोफखाना, पिलखाना यांच्या पंक्तीला फरासखानाही आहे. तंबू ही राज्यकारभाराची बाब होती, ती अशी.

४/
आता पहिला प्रश्न, ओझ्याचा. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या छावणीचा हिशेब मांडला आहे. एका मुक्कामाचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. दिमतीला १००० फरास, ५०० बेलदार, १०० पखालजी, शिवाय सुतार, चांभार, मशालजी आणि १५० झाडूवाले. हा सारा पसारा लढाईसाठी नव्हता. केवळ बादशहाने कोठेही गेले तरी राजवाड्यातच राहावे, एवढ्यासाठी होता.

५/
दुसरा प्रश्न वेळेचा. ‘बारगाह’ नावाचा भव्य दरबारी तंबू उभारायला १००० फरासांना यंत्रांच्या साहाय्याने आठवडा लागे. त्यात दहा हजारांहून अधिक माणसे मावत, असे अबुल फजल लिहितो. मखमल-जरीवाचून अगदी साध्या बारगाहीची किंमत १०,००० रुपयांपासून पुढे! मग रोज कूच करणाऱ्या बादशहाने राहावे कोठे? उत्तर सोपे आणि अतिशय खर्चिक होते: राहण्याच्या तंबूंचे दोन संच. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. या पुढे जाणाऱ्या संचाला म्हणत ‘पेशखाना’.

६/
१६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला निघाला. सोबत फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए होता. त्याच्या वृत्तान्तानुसार एकट्या पेशखान्याला साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. नाजूक वस्तू, उदाहरणार्थ चिनी मातीची भांडी, माणसांच्याच डोक्यावरून जात. बादशाही डेरे बाहेरून लाल, आणि आतून मच्छलीपट्टणच्या फुलापानांच्या छिटाचे अस्तर.

७/
बर्निएसाठी मात्र हा मोगली छावणीसोबतचा मोठा प्रवास होता, आणि त्याने स्वतःसाठी काय घेतले याची यादी आजच्या कोणत्याही नवख्या भटक्याला उपयोगी पडावी. मध्यम आकाराचा एक तंबू. एक गालिचा. मजबूत पण हलक्या चार वेतांची घडीची खाट. उशी आणि दोन पांघरुणे. त्यांपैकी एकाची घडी घातली की गादी. स्वयंपाकाची भांडी छोट्या पिशव्यांत, त्या एका मोठ्या पिशवीत. पाचसहा दिवसांचा उत्तम तांदूळ, बडीशेप घातलेली गोड बिस्किटे, लिंबे, साखर. आणि दही टांगून पाणी काढण्यासाठी आकड्यासह एक कापडी पिशवी!

८/
या यादीत एक शहाणपण आहे. प्रत्येक वस्तू एकाहून अधिक कामे करते किंवा घडी होऊन लहान होते. बादशहाने घर उचलून नेले. बर्निएने घराची गरज तेवढी नेली. तरी छावणीत तो चुकलाच. संध्याकाळी हजारो चुलींत शेण्या आणि ओले लाकूड पेटे, आणि धुराने डोळ्यांसमोरचे दिसेनासे होई. एकदा तर ‘आकाशदिव्या’चा खांब कसाबसा गाठून त्याने घोडे व नोकरांसह रात्र तेथेच काढली. ४० गजांहून उंच खांबावरचा हा कंदील अकबराच्या काळापासून वाट चुकलेल्यांसाठीच लावला जाई.

९/
कापडाचे गणितही समजून घ्यायला हवे. सुती तंबू कोरडा असताना हवेशीर असतो. दुहेरी कापड असेल तर मधली हवा उन्हाची धग अडवते. पण भिजला की त्याचे वजन कितीतरी वाढते. सुती किंवा तागाचे दोर ओले झाले की आखडतात. तणावे वेळीच सैल केले नाहीत, तर मेखा उपटून येतात. म्हणजे पावसात ज्याचा तंबू मोठा, त्याची अडचण मोठी. अशा छिटाच्या तंबूचा एक देखणा नमुना आजही शाबूत आहे: टिपू सुलतानाचा तंबू. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो क्लाइव्ह घराण्याकडे गेला, आणि आता वेल्समधील पॉविस किल्ल्यात आहे.

१०/
हीच मोगली छावणी १६८१ च्या सुमारास दख्खनमध्ये उतरली आणि पुढची पंचवीस वर्षे परतलीच नाही. १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने ती पाहिली. तिचा घेर तो ३० मैल सांगतो आणि बाजार २५०. हे चालते शहर होते, पण शहर जितके मोठे तितके त्याचे चालणे मंद. चारा, पाणी, धान्य संपले की ते हलवावेच लागे, आणि हलवायला लागले की वाटेवर त्याची लांबच लांब शेपटी उघडी पडे.

११/
समोर होते मराठे. सभासद सांगतो की शिवछत्रपतींच्या लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. नियम मोडणाऱ्याला देहदंड. लष्कराने दसऱ्याला निघावे, आठ महिने परमुलखात राहावे आणि पावसाळ्याला छावणीस परतावे. ज्या फौजेला पावसात तंबूत राहायचेच नाही, तिला जड तंबू लागत नाहीत. हलके सामान हा दारिद्र्याचा परिणाम नव्हता. तो विचारपूर्वक ठरवलेला नियम होता.

१२/
मुक्कामाची दक्षताही तितकीच बारीक. चिपळूणजवळ दळवटणे येथे छावणी करून राहिलेल्या घोडदळाला महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. चारा आताच उधळू नका, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील. गवताच्या गंजींजवळ चुली पेटवू नका. रात्री दिवा जळता ठेवलात, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी छावणी खाक होईल. एवढ्या तपशिलात छत्रपती उतरतात, कारण कापड, गवत आणि आग यांचे शेजार त्यांना पक्के ठाऊक आहे.

१३/
जड आणि हलक्या छावणीच्या सामन्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग १६८९ नंतरच्या दिवसांतला. संभाजी महाराजांच्या हत्येने राज्य हादरलेले असताना संताजी घोरपडे, विठोजी चव्हाण आणि निवडक साथीदार रात्री बादशाही छावणीत शिरले. त्यांनी बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस उतरवून नेले, असे मराठी बखरी सांगतात. बखरीतला रंग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दुरून दिसावेत म्हणून बसवलेले कळस शत्रूलाही दुरूनच दिसत होते.

१४/
तिसरा प्रश्न जागेचा, आणि त्याचे उत्तर नदीने दिले. १७०० च्या पावसाळ्याअखेर औरंगजेबाची छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. पात्र कोरडेठाक, म्हणून काहींनी तंबू थेट पात्रातच ठोकलेले. वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गोंधळात उठलेला बादशहा अडखळला. त्याचा गुडघा निखळला आणि तो कायमचा किंचित लंगडू लागला. कोरड्या पात्रात तंबू ठोकू नये, हा आजच्या भटक्यांचा पहिला नियम आहे. हिंदुस्थानच्या बादशहाला तो वयाच्या ऐंशीनंतर शिकावा लागला.

१५/
उरला चौथा प्रश्न, माणसांचा. आणि हाच सर्वांत अवघड. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. शाहूचे बालपण आणि तारुण्य याच छावणीत, बादशाही डेऱ्यांच्या निकट पहाऱ्यात गेले. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्या मायलेकरांवर ममता केली. छावणी उठली की त्यांचा तंबूही उठे. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ छावणीतच वारला, आणि शाहूची सुटका झाली. सातव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत या छत्रपतीचे घर कापडाचे होते.

१६/
पुढे मराठ्यांचे राज्य वाढले, तसे त्यांचे तंबूही वाढले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेला निघाली तेव्हा रेशीम आणि बनातीचे अस्तर लावलेले उंच, प्रशस्त डेरे आणि त्यांवरचे सोनेरी कळस दुरून झळकत, असे ग्रँट डफ वर्णन करतो. ज्या कळसांच्या कथेने मराठी मन हरखले होते, तसेच कळस आता मराठ्यांच्या डेऱ्यांवर होते.

१७/
आणि सोबत कुटुंबकबिला होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, सरदारांच्या बायका होत्या, फौजेच्या आसऱ्याने काशी-प्रयाग घडावे म्हणून निघालेले यात्रेकरू होते. यात निव्वळ मौज नव्हती; मोहिमा वर्ष-दोन वर्षे चालत, आणि एकट्याने उत्तरेची वाट धरणे धोक्याचे असे. तरीही सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी जड सामान व कबिला मागे सुरक्षित ठेवून सडे व्हावे असे सुचवले होते. तो सल्ला मानला गेला नाही.

१८/
पानिपतावर सुमारे अडीच महिने ही छावणी खंदकाआड अडकली. दिल्लीकडची रसद तुटली. लढणारा उपाशी, न लढणारेही उपाशी, आणि त्यांना सोडून वेगाने निसटणेही अशक्य. पराभवाची कारणे अनेक आहेत. तंबू हे त्यांतले एकमेव कारण खचितच नव्हे. पण १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज गोलाच्या लढाईसाठी खंदकाबाहेर पडली, तिला सर्वांत आधी ज्याची चिंता होती ती माणसे गोलाच्या मध्यभागी होती. निघताना सोबत कोण घ्यायचे, हा निर्णय दहा महिन्यांपूर्वी झाला होता.

१९/
ही छावणीविद्या नंतर लोपली नाही. तिने रूप पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. ते ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारी चाकरी केलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व आणि तंबू दिला. कूच, तळ, ठरलेला क्रम ही लष्करी शिस्त भक्तीच्या सेवेला लागली. आजही दिंडीचा ट्रक राहुट्या घेऊन पुढे जातो, आणि वारकरी पोहोचण्याआधी तळावर पाले उभी असतात. पेशखाना, पण ना हत्ती ना कळस.

२०/
म्हणून पहिल्या मुक्कामासाठी तंबू निवडताना इतिहासाकडून एवढेच घ्यावे: उचलवेल तेवढा घ्यावा, अंधार पडण्याआधी उभा राहील असा घ्यावा, आणि ओढ्याच्या पात्रापासून दूर, उंचवट्यावर ठोकावा. राहता राहिला माणसांचा प्रश्न. तंबू किती जणांचा आहे ते पाटीवर लिहिलेले असते. रात्री वारा सुटला, पाऊस आला, तर त्या सर्वांना घेऊन किती लवकर निघता येईल, ते मात्र घरूनच ठरवून निघावे लागते.