इन्हेलर, दिलासा आणि पुनःप्रकोप : दीर्घकालीन फुफ्फुसविकाराचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना

श्वास अडणे ही मानवाच्या प्राचीनतम व्याधींपैकी एक व्याधी होय. चरकसंहितेत श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार वर्णिलेले असून त्यावर औषधी धूमाचा उपचारही सांगितला आहे. औषध पोटात न देता थेट श्वासमार्गात पोहोचवावे, हा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. आज सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन फुफ्फुसविकारात इन्हेलर हा उपचाराचा मुख्य आधार आहे. तथापि नियमित इन्हेलर घेणाऱ्या रुग्णासही धाप, खोकला व कफ एकाएकी वाढण्याचा, म्हणजेच प्रकोपाचा धोका राहतोच. हा धोका वैद्यकशास्त्राच्या लक्षात कसा येत गेला आणि जालना जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धुराकडून फवाऱ्याकडे

दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची भारतीय प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमार्गे ब्रिटनमध्ये पोहोचली व पुढे तेथे धोतऱ्याच्या विड्या औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या. १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजने मोजून मात्रा देणारा दाबयुक्त फवारा बाजारात आणला. त्यानंतर १९६९ मध्ये सालब्युटामॉल व १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन ही औषधे ब्रिटनमध्ये उपलब्ध झाली. पहिले औषध आकुंचित श्वासनलिका तात्काळ मोकळी करते, तर दुसरे आतील सूज हळूहळू उतरवते. दिलासा आणि प्रतिबंध हा भेद येथून स्पष्ट झाला.

या प्रगतीला एक काळी किनारही आहे. १९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले. आयसोप्रेनालिनच्या तीव्र मात्रेच्या फवाऱ्यांशी त्यांचा संबंध जोडला गेला. हे मृत्यू दम्याचे होते, सीओपीडीचे नव्हेत. परंतु क्षणिक आराम म्हणजे आजारावर नियंत्रण नव्हे, हा त्यातील धडा दोन्ही विकारांना सारखाच लागू पडतो.

भारतात १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थाऐवजी केवळ निर्मितिप्रक्रियेला पेटंट मिळू लागल्याने देशी कंपन्यांना स्वस्त औषधनिर्मितीचा मार्ग मोकळा झाला व इन्हेलरही हळूहळू मध्यमवर्गीय रुग्णाच्या आवाक्यात आले.

धोक्याचे मोजमाप

प्रकोपाचे स्वतंत्र शास्त्रीय मोजमाप मात्र उशिरा झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॉर्च' या अभ्यासात ६००० हून अधिक रुग्णांचे तीन वर्षे निरीक्षण करण्यात आले. श्वासनलिका रुंदावणारे औषध आणि स्टेरॉइड यांच्या संयुक्त इन्हेलरमुळे प्रकोपाचे प्रमाण औषधविरहित गटाच्या तुलनेत २५ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या बाजूने पाहता, संयुक्त औषध घेणाऱ्यांतही दर रुग्णामागे वर्षाला सरासरी ०.८५ प्रकोप होतच राहिले. शिवाय या गटात न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळले. २०१० च्या 'इक्लिप्स' अभ्यासाने आणखी एक महत्त्वाची बाब पुढे आणली : पुढील प्रकोपाचे सर्वांत विश्वसनीय पूर्वचिन्ह म्हणजे पूर्वी होऊन गेलेला प्रकोप होय. म्हणजेच 'गेल्या वर्षी किती वेळा दवाखान्यात जावे लागले?' हा साधा प्रश्नही निदानात मोलाचा ठरतो.

महाराष्ट्र व जालना

दिल्लीत पद्मावती व पाठक यांनी १९५९ मध्येच फुफ्फुसविकारजन्य हृदयरोगाच्या रुग्णांत स्त्रियांच्या लक्षणीय प्रमाणाकडे लक्ष वेधले होते. मुंबईत डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर व खार या वस्त्यांतील रहिवाशांच्या आरोग्याची ग्रामीण भागाशी तुलना करून हवाप्रदूषण व श्वसनविकार यांचा संबंध तपासला. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा प्रश्न 'लॅन्सेट'मध्ये मांडला. चुलीचा धूर, धूळ, व्यवसायातील वायू व जुना क्षयरोग ही कारणे त्यामुळे चर्चेच्या केंद्रस्थानी आली.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात यातील अनेक कारणे एकत्र आढळतात. शहर पोलाद व बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. ग्रामीण भाग कापूसप्रधान आहे. पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या हे येथील चुलीचे पिढीजात इंधन. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घराघरांत नेला. तथापि सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च परवडला नाही की चूल पुन्हा पेटते. अशा घरातील स्त्री सकाळी इन्हेलर घेते व त्यानंतर तासभर धुरात बसते. तिचे औषध निष्फळ ठरत नाही, पण त्याला रोज नव्या धुराशी झुंजावे लागते.

याखेरीज 'पंपाची सवय लागते' हा समज रूढ आहे. त्यामुळे सूज उतरवणारे नियमित औषध बरे वाटताच थांबते व धाप लागली की केवळ तात्काळ आरामाचे औषध ओढले जाते. फवारा दाबणे व श्वास आत घेणे यांचा मेळ न साधल्यास औषधाचा मोठा भाग घशातच अडकतो. कोरड्या पुडीच्या उपकरणात श्वास जोराने ओढावा लागतो. अशक्त वृद्धास ते जमेलच असे नाही. रुग्ण कागदोपत्री इन्हेलरवर असतो, प्रत्यक्षात औषध फुफ्फुसापर्यंत पोहोचलेले नसते.

समारोप

इन्हेलरचा इतिहास उपकरणाच्या सुधारणेचा आहे, तसाच दिलाशाला संरक्षण समजण्याच्या चुकीचाही आहे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागापासून गावातील आरोग्य उपकेंद्रापर्यंत तीन गोष्टी नोंदवल्या जाणे आवश्यक आहे : गतवर्षीचे प्रकोप, इन्हेलर वापरण्याची प्रत्यक्ष पद्धत आणि घरातील चूल. या तिन्ही नोंदींना महागडे यंत्र लागत नाही. रुग्णासमोर बसून विचारण्याइतका वेळ लागतो. चिठ्ठीवर औषध लिहून उपचार पूर्ण होत नाही, हेच या इतिहासाचे सार होय.