तुकड्यांची चाल

मोझॅक म्हटलं की मराठी माणसाला आधी लादी आठवते. चाळीच्या खोल्यांमधली, सरकारी वसाहतींमधली, आजोबांनी बांधलेल्या घराच्या ओसरीवरची. संगमरवराचे खडे सिमेंटमध्ये कालवून, दाबून, मग घासून गुळगुळीत केलेली. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या अंगानं तिच्यावर लोळलेली पिढी अजून आहे, आणि त्या लादीबद्दल माझ्या मनात फार माया आहे. तरीही या पुस्तकाच्या दारातच सांगायला हवं की इथं शिकायचं मोझॅक ते नव्हे. लादीत खडे जसे पडले तसे राहतात. एका खड्याला शेजारच्या खड्याशी काही देणंघेणं नसतं. मोझॅक कलेत प्रत्येक तुकडा हातानं उचलून, कापून, ठरावीक दिशेला तोंड करून बसवलेला असतो. असे शेकडो तुकडे एका दिशेनं निघाले की दगड वाहायला लागतो.

या वाहण्याला इटालियन भाषेत ‘आंदामेन्तो’ म्हणतात. ‘आंदारे’ म्हणजे जाणं, त्यावरून आलेला शब्द. या पुस्तकात त्यासाठी मी ‘चाल’ हा शब्द वापरला आहे, आणि तो कामचलाऊ म्हणून नाही. आपल्याकडे बैलाला चाल असते आणि भजनालाही चाल असते. शब्द तेच ठेवून चाल बदलली की भजन वेगळंच उभं राहतं. मोझॅकचं नेमकं तसंच आहे. रेखाटन तेच, रंग तेच, तुकडेही तेच. त्यांच्या ओळी कुठून निघून कुठं जातात एवढंच बदललं की चित्र थांबतं किंवा चालू लागतं. शिकायला येणारे बहुतेक जण रेखाटनावर आठवडा घालवतात, रंग निवडण्यात दुसरा, आणि चालीचा विचार गोंद लावून झाल्यावर करतात. या विषयात पहिलं पाऊल टाकायचं ते हा क्रम उलटा करून.

माझं पहिलं काम होतं एक पापलेट, केळव्यातल्या घराच्या पडवीच्या भिंतीवर. २० मिलिमीटरच्या काचेच्या टाइल्सचे चार-चार तुकडे केले होते. मासा राखाडी-रुपेरी, पाणी निळं. मासा मनासारखा जमला. मग निळे तुकडे डावीकडून उजवीकडे सरळ ओळींत लावत गेलो. प्रत्येक ओळ माशाच्या पोटापाशी येऊन अडायची आणि उरलेल्या फटीत नखाएवढी तिरपी कपची कोंबावी लागायची. काम पुरं झालं तेव्हा समुद्र कुठंच नव्हता; न्हाणीघराच्या भिंतीला मासा चिकटवल्यासारखं दिसत होतं. दोन दिवसांनी छिन्नी घेऊन सगळा निळा भाग उखडला. नव्यानं लावताना पहिली निळी ओळ माशाच्या कडेला बिलगून नेली, तिच्या बाहेरून दुसरी, मग तिसरी, आणि चौथ्या ओळीपासून त्यांना शेपटीमागं लांब सोडून दिलं. निळा तोच होता, मासाही तोच होता. पण आता तो पाणी कापत निघाला होता.

कडेला बिलगून जाणाऱ्या या ओळीला रोमन कारागिरांच्या परंपरेत ‘ओपुस वेर्मिकुलातुम’ हे नाव आहे. ‘वेर्मिस’ म्हणजे किडा. अळी सरपटत जावी तशी ही ओळ आकृतीच्या काठाकाठानं जाते. पॉम्पेईत १८३१ साली सापडलेलं आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेलं अलेक्झांडर आणि दरायसच्या लढाईचं मोझॅक याच पद्धतीचं. त्यात सुमारे १५ लाख तुकडे असावेत असा अंदाज आहे. उधळलेल्या घोड्यांची धांदल त्यात दिसते, कारण तुकड्यांच्या ओळी घोड्यांच्या अंगावरच्या वळणांनुसार वळतात.

आता फटीविषयी, कारण माझ्या मते सारी विद्या तिथं आहे. दोन ओळींमधली सिमेंटची रेघ अखंड असते. डोळा तुकड्यांवरून जात नाही, त्या रेघेवरून जातो. म्हणून लांबीची रेघ मोकळी ठेवायची आणि आडवे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. आले की तिथं डोळा आडवा फुटतो आणि प्रवाह तुटतो. गवंडी विटेवर वीट ठेवताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तो भिंतीच्या मजबुतीसाठी. आपण तेच गतीसाठी करतो. जिनं आजीची गोधडी नीट पाहिली असेल तिला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. कडेपासून आत आत जाणारे धावदोरे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा हात धरून चाललेली, आणि खालच्या चिंध्यांचे रंग कसेही असोत, साऱ्या गोधडीवर पसरलेली एक मंद लाट.

वळणावर काय करायचं, हा पुढचा प्रश्न. इथं थोडं गणित उपयोगी पडतं आणि ते सुंदर आहे. एक सेंटिमीटर रुंद तुकड्यांची वर्तुळाकार ओळ घ्या. तिच्याबाहेर एक सेंटिमीटरवर दुसरी ओळ घातली तर तिची लांबी साधारण ६.२८ सेंटिमीटरनं वाढते, म्हणजे सहा तुकडे जास्त लागतात. आतलं वर्तुळ बशीएवढं असो की विहिरीएवढं, वाढ तेवढीच. मात्र बशीभोवती हे सहा तुकडे थोड्यांत वाटले जातात, म्हणून प्रत्येक तुकडा आतल्या बाजूला चांगलाच निमुळता कापावा लागतो. विहिरीभोवती ते अनेकांत वाटले जातात आणि चौकोनी तुकडाही खपून जातो. घट्ट वळणावर चौकोनी तुकडे तसेच लावले की बाहेरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी उघडतात आणि वळण दातेरी होतं. नवख्याच्या कामात हे सगळ्यात आधी दिसतं, आणि पकडीनं प्रत्येक तुकड्याची नुसती एक बाजू किंचित उतरवली की ते जातं.

हे सारं मी पुस्तकांतून शिकलो, पण समजलं ते केळव्याच्या किनाऱ्यावर. ओहोटी लागली की सुरूच्या झाडांपुढं ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर वाटाण्याहून लहान खेकडे कामाला लागतात. वाळू तोंडाशी घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं गाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी मागं टाकायची. खेकडा बिळापासून बाहेर सरकत जातो, परततो, पुन्हा थोड्या वेगळ्या दिशेनं निघतो. तासाभरात बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी सूर्यकिरणांसारख्या फाकतात आणि मधून बिळाकडं जायची एक वाट मोकळी राहते. उकिडवं बसून पाहिलं तर कळतं की गोळ्या सगळ्या सारख्या आहेत, नक्षी कुणी आखलेली नाही, आणि तरी तिला चाल आहे. चाल म्हणजे हालचालीनं मागं ठेवलेली खूण, हे मला तिथं उमगलं. तुकडा लावणाऱ्याचा हात ज्या दिशेनं सरकला, ती दिशा कामात उरते.

केळव्याच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढं नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्र मोझॅक नव्हे, पण तारपा नाचाचं चित्र चाल शिकणाऱ्यानं समोर ठेवावंच. माणूस म्हणजे टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण. असा एकच आकार पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी किंचित कललेला, आणि साऱ्यांची मिळून तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी सर्पिल ओळ. तुकडा साधा ठेवावा आणि सगळी ताकद ओळीत ओतावी, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या दोन माणसांचं, जरी ते उभं आहे अहमदाबादेत. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मिळून १९९० च्या दशकात कलादालन म्हणून तिथली गुफा घडवली. कासवाच्या पाठीसारखे तिचे घुमट फुटक्या टाइल्सनी मढवलेले आहेत. गच्चीवर पाणी आणि ऊन अडवायला आपण जे चायना मोझॅक घालतो, तेच हे काम. फुटकेच तुकडे का, तर सपाट अखंड टाइल गोलाव्यावर बसत नाही, तिच्या कडा वर राहतात. वेड्यावाकड्या तुकड्यांना ओळ नसते, म्हणून त्यांना आपली अशी चालही नसते. तिथं ती दिली आहे घुमटांच्या चढउतारांनी आणि पांढऱ्यावर काळ्या तुकड्यांनी काढलेल्या नागानं. मोडक्या मालातून गती हवी असेल तर ती पृष्ठभागाकडून आणि रंगाकडून उसनी घ्यावी लागते, हे त्या कामात स्वच्छ दिसतं.

इटलीतल्या रावेन्ना शहराच्या मोझॅकविषयी पुढं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळं इथं थोडक्यात. तिथल्या ५४७ साली अर्पण झालेल्या सान विताले चर्चमध्ये सोनेरी तुकडे ओल्या चुन्यात अगदी सपाट दाबलेले नाहीत. त्यांचे कोन वेगवेगळे असल्यानं बघणारा चालला की उजेड भिंतीवरून सरकतो. कागदावर उलटे चिकटवून मग भिंतीला लावायच्या पद्धतीत ही गोष्ट हाती लागत नाही. म्हणून सुरुवात थेट भिंतीवर किंवा फळीवर करा, असा माझा आग्रह आहे, वेळ कितीही जास्त लागो.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करायचं आहे आणि त्याला पकड, गोंद, काच काहीही लागत नाही. समुद्र जवळ असेल तर ओहोटीची वेळ बघा. नसेल तर अंगणात पसरलेली रेती चालेल. काठीनं हातभर लांबीचा मासा काढा. मूठभर शिंपले किंवा खडे घेऊन पहिली ओळ त्याच्या कडेला बिलगून लावा, बाहेरून दुसरी, तिसरी, आणि मग त्या ओळींना जिकडं जावंसं वाटतं तिकडं जाऊ द्या. पाणी वर यायला लागलं की उठा, चार पावलं मागं सरून पाहा आणि एक फोटो काढून ठेवा. पहिल्या प्रकरणात तो लागेल.