सजग स्वप्न व ते साधण्याची तंत्रे

झोपेत असतानाच आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्न पाहणाऱ्याच्या ध्यानात येते आणि क्वचित त्या भानाच्या बळावर स्वप्नातील घटनांना वळणही देता येते, अशा अवस्थेला सजग स्वप्न म्हणतात. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या व्यक्तीने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि या अवस्थेला प्रयोगशाळेतील पुरावा मिळाला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले.

अशी स्वप्ने बहुधा डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत पडतात, म्हणजे मेंदू जवळजवळ जागेपणीइतका सक्रिय आणि स्नायू मात्र शिथिल असतात त्या टप्प्यात. सुमारे दीड तासाच्या आवर्तनांत येणारा हा टप्पा रात्र सरते तसा लांबत जातो. म्हणून पहाटेचे स्वप्न खरे ठरते या समजुतीतील भाकिताला आधार नसला, तरी पहाटेची स्वप्ने लांबलचक आणि लक्षात राहणारी असतात हे त्यामागचे निरीक्षण चुकीचे नाही.

परिणामकारक तंत्र याच वेळेचा लाभ घेते. रात्री साडेदहाला निजलेल्याने साडेतीनच्या सुमारास उठावे, नुकत्याच पडलेल्या स्वप्नाची उजळणी करावी, त्यातील विसंगती, उदाहरणार्थ भंडारदरा धरणाच्या भिंतीवर भरलेला राहुरीचा आठवडे बाजार, हेरून ठेवावी आणि पुन्हा स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न असल्याचे आठवेल, असा निश्चय मनात घोळवत परत झोपावे. पहाटे उठून पुन्हा पांघरूण ओढणे हा वारकरी घरांत आळस गणला जाईल. येथे तोच साधनेचा गाभा आहे. डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात उठून पुन्हा झोपणे आणि निश्चय घोळवणे या दोन उपायांना दिवसा वारंवार 'हे स्वप्न तर नव्हे?' असे पडताळण्याची जोड दिली असता आठवडाभरात सुमारे १७ टक्के यश आले, आणि निश्चयानंतर पाच मिनिटांत झोप लागलेल्यांत ते सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत गेले. नुसती दिवसाची पडताळणी मात्र फारशी उपयोगी दिसत नाही. स्मृतिभ्रंशावरील गॅलँटामाइन या औषधानेही २०१८ च्या एका प्रयोगात प्रमाण वाढले, तथापि ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. निद्रानाश वा मनोविकार असलेल्यांनी झोपमोडीचे तंत्रही टाळावे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संतपरंपरेत स्वप्नाला मोठे स्थान आहे, परंतु त्याचे स्वरूप वेगळे आहे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) यांना तुकारामांनी स्वप्नात उपदेश केल्याचे परंपरा सांगते. तेथे स्वप्न कृपेने येते, यत्नाने नव्हे, आणि पाहणारा त्यावर हुकूमत न गाजवता आज्ञा स्वीकारतो. यत्नाच्या अंगाने पाहता पतंजलीचे योगसूत्र अधिक जवळचे आहे, कारण त्यात स्वप्न व निद्रा यांचे ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचे एक आलंबन मानले आहे. मात्र त्यासाठी पहाटे केव्हा उठावे, याचा तपशील त्यात नाही.