जलपर्णी: आजीने विचारलं, नदी कुठाय?

मी राहायला आळंदीत, नोकरी सॉफ्टवेअरची. मागच्या उन्हाळ्यात आजीला घाटावर घेऊन गेलो. ती म्हणाली, "इंद्रायणी कुठाय रे?" समोर नुसतं हिरवं रान.

ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आली. तिथे तिने होड्या अडवल्या, भातशेतीत घुसली. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली, अध्यक्ष चक्क जगदीशचंद्र बोस! १९३६ मध्ये तर कायदाच झाला: आपल्या जागेतली जलपर्णी ज्याने त्याने काढायची. तरी ती पुरून उरली.

कारण खाणं मिळालं की ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. बिया गाळात १५-२० वर्षं टिकतात. वर दाट थर साचला की खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन घटतो, मासे गुदमरतात. डासांची मात्र चैन.

आणि इथे तिला खाणं कोण देतं? आपणच. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे तिचं खत. यंत्रं लावून ती काढतात, उरलेली पुरात वाहून जाते, पण खत चालूच राहतं. आमच्या भाषेत सांगू? एरर मेसेज पुसला, बग तसाच.

त्या दिवशी आजीने पाण्याला हात न लावता, लांबूनच नमस्कार केला. मला ते लागलं.

तुमच्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प खरंच चालू असतो का? या रविवारी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!