लर्निंग लायसनची परीक्षा : गाडी येते, पण पाट्या येतात का?

पांढरकवडा : केळापूर तालुक्यात गाडी चालवायला शिकवावं लागत नाही, पोरं शेतातल्या ट्रॅक्टरवरच शिकतात. अडतात ते लर्निंगच्या परीक्षेत. तिथं गाडी नाही, नियम विचारतात, तेही सरकारी मराठीत.

संगणकावर 15 प्रश्न येतात, प्रत्येकाखाली पर्याय असतात. 60 टक्के, म्हणजे 9 उत्तरं बरोबर आली की पास. प्रत्येक प्रश्नाला वेळ मोजका असतो. 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्याही देता येते. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा आणि कॅमेरा हवा. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो. आधारने अर्ज करायचा नसेल तर आरटीओकडे जाऊन परीक्षा द्यायची.

पहिली अडचण शब्दांची. 'अनुज्ञप्ती' म्हणजे लायसन. 'पादचारी' म्हणजे पायी चालणारा. 'अरुंद पूल' म्हणजे चिंचोळा पूल. 'एकदिशा मार्ग' म्हणजे वन-वे. एवढे शब्द माहीत नसले तर येणारं उत्तरही चुकतं.

दुसरी अडचण पाट्यांची, आणि मार्क इथंच जातात. पाटीचा आकार आधी बघा. लाल काठाचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा, ती पाळावीच लागते. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे : वळण, शाळा, फाटक. निळी चौकोनी पाटी माहिती देते : दवाखाना, पेट्रोल पंप. निळ्या गोलात बाण असेल तर त्याच दिशेने जाणं सक्तीचं. 'थांबा'ची पाटी आठ कोनांची असते आणि उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या. निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंग बंद, दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायचीच नाही. या दोन पाट्यांत भल्याभल्यांची गफलत होते.

'आधी कोण?' हा प्रश्नही हमखास येतो. चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गोल चौकात जो आधीपासून आत आहे, तो पहिला. सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मात्र बाजूच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना मोठ्या रस्त्यावरची गाडी पहिली.

हे पाठ करून विसरायचं नाही. आपल्या तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या पट्ट्यात कट लांब पडतो म्हणून बाइक उलट्या बाजूने हाणणारे रोज दिसतात. समोरून हैदराबादचा ट्रक येत असतो. वाहन डाव्या बाजूनेच चालवायचं, हा परीक्षेतला सर्वांत सोपा नियम रस्त्यावर सर्वांत जास्त मोडला जातो.

दारूची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. अपघात झाला तर चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं, पळून जायचं नाही. हे दोन प्रश्नही तयार ठेवा.

काही जण परीक्षेत दुसऱ्यालाच उत्तरं टिक करायला लावतात. मग पक्क्या लायसनच्या वेळी आणि त्याआधी रस्त्यावर फसतात.

लर्निंग सहा महिने चालतं, 30 दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. तोवर गाडीला 'एल' लावायचा. बाइकवर मागे फक्त लायसन असलेला शिकवणारा बसू शकतो, म्हणून लर्निंगवर बायको-पोरांना बसवून बाजाराला जाता येत नाही. गिअरच्या बाइकसाठी वय 18 पूर्ण हवं. त्याआधी पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एका प्रकारच्या गाडीला लायसनची फी 150 आणि परीक्षेची 50 रुपये, एवढीच केंद्राची ठरलेली फी आहे. नापास झालात तर परीक्षेची फी भरून पुन्हा बसता येतं. सराव परीक्षा परिवहन खात्याच्या सारथी वेबसाइटवर फुकट आहे, मोबाईलवर दोन-चार वेळा देऊन बघा.